अंड्यावरच्या कोंबड्यांना कोणतं खाद्य? पोत्यातलं लेयर, की घरचा भरडा?

काळीमाती (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. परसात आठ गावरान, बारा ग्रामप्रिया (सुधारित जातीच्या), दोन कोंबडे आणि सध्या एका खुडूक कोंबडीनं काढलेली नऊ पिल्लं आहेत. सगळा बारदाना दिवसभर मोकळा, संध्याकाळी खुराड्यात. आजवर सकाळ-संध्याकाळ ज्वारी, थोडी तुरीची चुनी आणि घरातलं उरलंसुरलं, एवढंच घालत आलो.

गावरान कोंबड्यांबद्दल तक्रार नाही. ग्रामप्रियाही पोळ्याच्या सुमारास छान सुरू झाल्या, पण आता त्यांच्या अंड्याचं कवच पातळ येतंय. काही अंडी तर उचलतानाच बोटाखाली दबतात. दुकानात गेलो तर तीन पोती समोर: लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं), ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) आणि ब्रॉयलर फिनिशर (मांसाच्या कोंबड्यांचं). दुकानदार म्हणतो फिनिशर न्या, कोंबडी अंगानं भरेल. शेजारचे काका म्हणतात पोत्यातलं काहीच नको.

एकाच खुराड्यात अंड्यावरच्या कोंबड्या, कोंबडे आणि पिल्लं असतील तर खाद्य कोणतं घ्यायचं? आणि ५० किलोचं पोतं माझ्याकडे संपेपर्यंत टिकेल का?

चांदा_४७ (चंद्रपूर)
फिनिशर नको. बाकीचं सविस्तर रात्री लिहितो.

वऱ्हाडी_बाणा (अकोट)
काऊन येवढा घोर करता भाऊ? आमच्या आजीनं जिनगानीत फीडचं पोतं पाह्यलं नाही. सकाळी खुराडं उघडलं का कोंबड्या उकिरड्यावर, दिवसभर कुटारात उकरत, संध्याकाळी मूठभर ज्वारी. अंडे कधी कमी पडले नाही. जावई आला तं त्याच दिवशी कोंबडाबी निघे. पोत्यातल्या खाद्यानं गावरान अंड्याची चव जाते, हे मी चाखून सांगून राहिलो.

वैनगंगा (पवनी, जि. भंडारा)
वऱ्हाडी_बाणा भाऊ, आजीच्या कोंबड्या गावरान होत्या ना? गावरान कोंबडी एका पाळीत दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. वर्षाकाठी साठेक अंडी झाली तरी आपण खूश. मधल्या सुट्टीत तिच्या हाडांतला चुना पुन्हा भरून निघतो. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं अंड्यांसाठीच तयार केलेली जात. परसातसुद्धा ती वर्षाला दीडशेच्या वर अंडी देऊ शकते आणि खुडूक क्वचितच बसते. मग मधे भरून निघायला वेळ कुठं? गावरान कोंबडीचं खाद्य घालून तिच्याकडून दुपटीहून जास्त अंडी मागायची, तर ती हाडं झिजवूनच देणार.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी दोन्ही जाती पाळल्या आहेत. ज्वारीवर गावरान टिकते. ग्रामप्रिया आधी कवच पातळ करते, मग अंडी बंद करते, आणि काही तर पायातून बसतात.

वऱ्हाडी_बाणा
हे पटलं ताई. माह्याकडे सगळ्या गावरानच हायेत, म्हनून मले फरक दिसला नसंल. पन चवीचं म्हननं मी सोडत नाही.

पशुधन_मित्र (वाशीम)
काळीमाती भाऊ, मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न तीन दुकानांत तीन उत्तरं मिळणारा आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पोत्यावरचं नाव नंतर पाहा, आधी शिवलेल्या चिठ्ठीवरचे दोन आकडे पाहा: प्रथिनं आणि कॅल्शियम. लेयर खाद्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम ३ ते ४ टक्के असतं. ग्रोअरमध्ये प्रथिनं साधारण तेवढीच किंवा थोडी कमी, पण कॅल्शियम फक्त १ टक्क्याच्या आसपास. ब्रॉयलर फिनिशरमध्येही कॅल्शियम तेवढंच, वर ऊर्जा भरपूर, कारण तो पक्षी काही आठवड्यांत वजनावर विकायचा असतो. अंड्यावरची कोंबडी ते खाऊन पोटात चरबी धरते. कवच तसंच पातळ राहतं आणि पुढं अंडीही घटतात. दुकानदार अंगानं भरेल म्हणतो ते खरं आहे, पण तुम्हाला अंडी हवी आहेत.

आता ज्वारीचा हिशेब. एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लावते, म्हणजे अंडं द्यायच्या दिवशी तिच्या पोटात ४ ग्रॅमच्या आसपास जायला हवं. ज्वारी-मक्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. शंभर ग्रॅम ज्वारी खाल्ली तरी त्यातून अर्धा ग्रॅमसुद्धा मिळत नाही. तुमच्या पातळ कवचाचं पहिलं कारण मला इथंच दिसतं.

पण म्हणून सगळ्यांना लेयर मॅश घालू नका. पिल्लांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) एवढं कॅल्शियम झेपत नाही. मूत्रपिंडावर ताण येतो, युरेट साचतं, पिल्लू सुकत जाऊन मरतं आणि आपण मानमोडी समजून बसतो. नर कोंबड्यांनाही वर्षानुवर्षं त्याची गरज नाही. मिश्र खुराड्याला माझा सल्ला एकच: सगळ्यांना कमी कॅल्शियमचं खाद्य, म्हणजे ग्रोअर किंवा घरचा भरडा, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम भरलेला. जिला अंडं घडवायचं असतं ती बरोबर त्या भांड्याकडे जाते. कोंबडा एखाद-दुसरी चोच मारून निघून जातो. लेयर मॅश आणायचाच असेल तर फक्त अंड्यावरच्या वेगळ्या करता येत असतील तर आणा.

काळीमाती
दादा, वाचून बरंच डोक्यात आलं. शिंपला दारव्ह्यात मिळत नाही, विचारून आलो. पानाला लावायचा चुना पाण्यात टाकला तर चालेल का? आई म्हणते पूर्वी टाकायचे.

संत्रानगरी (काटोल)
ओला चुना नको हो. दाहक असतो, आणि पाण्याची चव बिघडली की कोंबड्या पाणीच कमी पितात. कोंबडीनं पाणी सोडलं की अंडं गेलंच, अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच तर असतं.

त्याऐवजी पोल्ट्रीचं खाद्य विकणाऱ्याकडे ‘ग्रिट’ मागा. चुनखडीचा भरडा असतो, स्वस्त मिळतो. पीठ नको, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे असलेला घ्या. आणि घरची टरफलं फेकू नका. तव्यावर कोरडी भाजायची आणि पाट्यावर जाडसर भरडायची. टरफल अख्खं टाकलं तर कोंबडीला अंडं फोडायची खोड लागते, म्हणून ओळखू येणार नाही इतपत मोडायचं.

पशुधन_मित्र
संत्रानगरी यांनी खड्यांचं सांगितलं ते महत्त्वाचं. कवच मुख्यतः रात्री चढतं, कोंबडी झोपलेली असताना. पीठ संध्याकाळपर्यंत पोटातून पुढं निघून जातं. खडा गिझर्डमध्ये (दाणे भरडणाऱ्या पोटात) राहून रात्रभर हळूहळू विरघळतो. म्हणून ग्रिट संध्याकाळच्या दाण्याबरोबर समोर ठेवा.

झाडीपट्टी (देसाईगंज, जि. गडचिरोली)
आमच्याकडे पिल्लांना वेगळं खाऊ घालायची सोपी सोय आहे. डालं उपडं करायचं आणि एका बाजूनं वीट लावून चार बोटं उचलायचं. आत पिल्लांची कणी आणि पाण्याची वाटी. पिल्लं खालून शिरतात, मोठ्या कोंबड्या बाहेर चकरा मारत राहतात. वर दगड मात्र ठेवा, नाहीतर कोंबडा डालं उलथून टाकतो.

आणि प्रथिनांसाठी वाळवी! जुन्या मडक्यात ओलं कुटार आणि थोडं शेण भरायचं आणि संध्याकाळी वारुळापाशी किंवा कुजक्या लाकडाजवळ उपडं घालायचं. सकाळी मडकं वाळवीनं भरलेलं मिळतं. पिल्लांसमोर झटकलं की पाच मिनिटांत साफ. पहिल्या महिन्यात पिल्लांची वाढ यानं फार छान होते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की वाळवी खोल जाते, तेव्हा जमत नाही.

वऱ्हाडी_बाणा
हे झालं खरं गावरान खाद्य! आजी हेच करे. मी लहानपनी मडकं उचलाले जात होतो, वाळवी हातावर चढे.

पऱ्हाटी (हिंगणघाट)
धागा वाचतोय, माझाही एक प्रश्न. आमच्या कोंबड्या गायीच्या गव्हाणीत चढून सरकीची ढेप टिपतात. ढेपेत प्रथिनं असतात म्हणून मी हाकललं नाही. पण आठवडाभर ठेवलेली अंडी फोडली की बलक हिरवट-तपकिरी दिसतो, आणि काहींत पांढरा भाग गुलाबी. गिऱ्हाईक परत आलं. कोंबडीला काही रोग आहे का?

वैनगंगा
पऱ्हाटी भाऊ, अंडी जास्त उकडली की बलकाभोवती हिरवं कडं येतं, तसं तर नाही ना? ते खाद्यामुळं नसतं, जास्त वेळ उकडल्यानं होतं.

पऱ्हाटी
नाही ताई, कच्च्याच अंड्यात. ताजं फोडलं तर जवळपास नेहमीसारखं दिसतं, ठेवलं की रंग बदलतो.

पशुधन_मित्र
मग ती सरकीच. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते बलकातल्या लोहाशी मिळून हिरवट-तपकिरी रंग आणतं, आणि अंडं साठवलं की रंग गडद होतो. पांढरा भाग गुलाबी होतो तो सरकीच्या तेलातल्या काही स्निग्धाम्लांमुळं. रोग नाही. गाय-म्हैस रवंथ करणारी, तिच्या पोटात गॉसिपॉलचा जोर बराच कमी होतो. कोंबडीला ती सोय नाही. अंड्यावरच्या कोंबडीला सरकी ढेप घालूच नये असं मी कापूस पट्ट्यात प्रत्येक घरी सांगत आलो. गव्हाणीवर जाळी टाका.

चांदा_४७
लिहितो म्हटलं होतं, उशीर झाला. मला उन्हाळ्याचं सांगायचं आहे, कारण काळीमाती भाऊ आत्ता खाद्य बसवतील आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा कवच पातळ होईल. तेव्हा त्यांना वाटेल खाद्यच चुकलं.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवच बनायला लागणारं कार्बोनेट त्यातूनच यायचं असतं. शिवाय उकाड्यात ती खातेही कमी. म्हणजे दोन्हीकडून मार. तेव्हा खाद्य पहाटे उजाडताच आणि दिवस मावळताना द्यायचं, दुपारी काही नाही. पाणी सावलीत माठाच्या खापरात, दिवसातून दोन-तीनदा बदलून. ग्रिट तर हवंच. मी खुराड्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पसरून त्यावर पाणी मारतो.

काळीमाती
हे कुणीच सांगितलं नव्हतं. गेल्या मेमध्ये गावरान कोंबड्यांनीसुद्धा अंडी बंद केली होती, आता कारण कळलं.

अजून एक. यंदा काढणीच्या पावसात भिजलेलं डागी सोयाबीन घरात पडून आहे. बाजारात भाव नाही. तेच दळून कोंबड्यांना घातलं तर प्रथिनांचा प्रश्न मिटेल का?

वैनगंगा
थांबा, थांबा! कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही. त्यात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन अडवणारा घटक असतो, प्रथिनं असूनही अंगी लागत नाहीत. चांगलं सोयाबीन असेल तर नीट भाजून, कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत, मग भरडून थोडं घालता येतं. पण डागी, बुरशी आलेलं तर भाजूनसुद्धा नको. भाजून बुरशी मरते, तिनं सोडलेलं विष तसंच राहतं. अफ्लाटॉक्सिन यकृतावर जातं. कोंबडी लगेच मरत नाही, कुढत राहते, अंडी घटतात, लस टोचली तरी तिचा परिणाम कमी होतो. ओल लागलेला मका, शेंगदाण्याची ढेप, भिजलेली कणी, सगळ्यांना हाच नियम. मुठीत घेऊन वास घ्या. कुबट आला की उकिरड्यावरसुद्धा टाकू नका, कोंबड्या तिथंच उकरायला जातात. पुरून टाका.

आमच्या गटाचा भरडा सांगते. १० किलोसाठी मका किंवा ज्वारीचा भरडा साडेपाच किलो (निम्मी कणी चालते, आमच्याकडे राइस मिल जवळ आहेत), सोयाबीनची तेल काढलेली ढेप म्हणजे डीओसी २ किलो, भाताचा कोंडा १ किलो ४०० ग्रॅम, ग्रिट ८०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण पाव किलो आणि मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिनं १६ टक्क्यांच्या जवळ जातात. पिल्लं आणि कोंबडे सोबत असतील तर ग्रिट यातून काढा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा, पशुधन_मित्र दादांनी सांगितलं तसं. कोंडा ताजाच आणा, त्यातलं तेल लवकर खवट होतं. खनिज मिश्रण गुरांचं नको, कोंबड्यांचंच घ्या.

संत्रानगरी
ताई, मक्याऐवजी पूर्ण ज्वारी घातली तर बलक फिका पडतो ना?

वैनगंगा
पडतो. मक्यातला पिवळा रंग ज्वारीत नाही. पण मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला हिरवा पाला मिळाला की बलक आपोआप पिवळा होतो. आम्ही शेवग्याचा पाला जुडी बांधून टांगतो. फिका बलक म्हणजे अंडं निकृष्ट असं नाही, गिऱ्हाइकाला मात्र रंग हवा असतो.

वऱ्हाडी_बाणा
चवीचाबी असाच काही हिशेब असंल का?

पशुधन_मित्र
चव खाद्यावरून बदलते हे खरं आहे. सुकटीचा चुरा किंवा जवस जास्त झालं की अंड्याला मासळीसारखा वास येतो. जवसानं अंड्यात ओमेगा-३ वाढतं म्हणून हल्ली लोक भरमसाट घालतात, तसं करू नये. कच्चं जवस कोंबडीला बाधतंही. एरवी धान्य आणि सोया डीओसीच्या खाद्यानं चव बिघडल्याचं मला तरी कधी जाणवलं नाही.

झाडीपट्टी
एक फार महत्त्वाचं राहिलं. हरभऱ्याची पेरणी सुरू आहे. बीजप्रक्रिया केलेलं गुलाबी-निळं बियाणं उरलं की लोक धुऊन कोंबड्यांना टाकतात. धुतल्यानं औषध पूर्ण जात नाही. थायरम हे बुरशीनाशक लावलेलं बियाणं कोंबडीनं खाल्लं तर बिनकवचाची, नुसत्या पडद्याची अंडी येतात आणि पिल्लांचे पाय वाकडे होतात. काळीमाती भाऊ, तुमच्या कोंबड्या पेरलेल्या वावरात जातात का ते एकदा पाहा. पातळ कवचाला तेही कारण असू शकतं.

काळीमाती
घरालगत वावर आहे आणि परवाच हरभरा पेरला. कवच त्याआधीपासून पातळ आहे, तरी आजपासून दहा-बारा दिवस, उगवण होईपर्यंत, कोंबड्या आवारातच ठेवतो. फार बरं झालं सांगितलंत.

चांदा_४७
आवारात ठेवणार असाल तर खाद्याचं माप वाढवा. पूर्ण बांधलेल्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लागतं, मोकळ्या फिरणारीला वरून ३० ते ५० ग्रॅम पुरतं. ते आकडेही अंदाजाचेच. खरं माप कोंबडीच्या गळ्याशी असतं. अंधार पडल्यावर खुराड्यात हात घालून एकेकीच्या मानेखालची खाद्याची पिशवी चाचपायची. भरलेली आणि मऊसर लागली तर दिवसभराचं पोट भरलंय. सपाट लागली तर उद्यापासून मूठभर वाढवा. सकाळपर्यंत ती पिशवी रिकामी व्हायला हवी. नाही झाली आणि कडक लागली तर आत काही अडकलंय. हात घातलाच आहे तर छातीचं हाडही चाचपा, धारदार लागलं तर कोंबडी खंगतेय.

पशुधन_मित्र
अगदी बरोबर. आणि खंगत असेल तर खाद्य बदलायच्या आधी जंताचं औषध. जंत असलेल्या कोंबडीला कितीही घाला, तिच्या अंगी लागत नाही.

आणखी एक, सध्या दिवस लहान होताहेत. काही गावरान कोंबड्या पिसं झाडतील आणि अंडी थांबवतील. तिला तेव्हा चुन्यापेक्षा प्रथिनं हवीत, पिसं त्यांचीच बनतात. त्या काळात भरड्यात डीओसी थोडी जास्त चालेल.

काळीमाती
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय: लेयर मॅश घेत नाही. वैनगंगा ताईंचा भरडा ग्रिट वगळून करतो, ग्रिट वेगळं, संध्याकाळी. पिल्लांना डाल्याखाली कणी, आणि स्टार्टर खाद्य सुटं मिळालं तर थोडं आणतो. डागी सोयाबीन कोंबड्यांपासून लांब. पोत्याचा प्रश्न तेवढा राहिला.

संत्रानगरी
हिशेब करा ना. मोठ्या बावीस, प्रत्येकी ४० ग्रॅम, म्हणजे रोजचे ९०० ग्रॅमच्या आत. ५० किलोचं पोतं जवळपास दोन महिने चालणार. हिवाळ्यात चालून जाईल, पावसाळ्यात नाही. दळलेलं खाद्य अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर खराब होतं. म्हणून धान्य अख्खं ठेवा आणि पंधरवड्यापुरतंच भरडून मिसळा. पोतं जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, खाली लाकडी फळ्या. डीओसीचं पोतं शेजारी कुणी कोंबड्या पाळत असेल तर वाटून घ्या.

वऱ्हाडी_बाणा
भाऊ, तुमचे ते काका म्हन्तात ना पोत्यातलं नको म्हनून, त्याईलेच अर्धं पोतं द्या!

काळीमाती
काकांना विचारलं. डीओसी म्हणजे सोयाबीनचीच ढेप आहे म्हटल्यावर अर्ध्याला तयार झाले.

पऱ्हाटी
मी गव्हाणीला जाळी मारली. बलक पूर्ववत व्हायला किती दिवस धरायचे?

पशुधन_मित्र
एक बलक भरायला दहा-एक दिवस लागतात, म्हणजे आज ढेप बंद केली तरी आधीच भरत असलेले बलक पुढं येतच राहतील. अंगातलं पूर्ण निघायला त्याहून जास्त लागतं, तीन-चार आठवडे धरून चाला. तोवरची अंडी विकू नका, ताजी असतानाच घरी वापरा. दर आठवड्याला दोन अंडी तारीख लिहून बाजूला ठेवा आणि आठ दिवसांनी फोडून पाहा. बलक स्वच्छ निघाला की गिऱ्हाइकाला द्यायला हरकत नाही.